गल्ल्यावर कोण बसलाय?

मित्रांनो, आज कुर्डुवाडीच्या बाजारात तुम्हाला-मला कुणी अडवत नाही. खिशात पैसा असला की कुठल्याही दुकानाची पायरी चढा. किराणा घ्या, कापड घ्या, हॉटेलात टेबलावर बसून मिसळ हाणा. पुडी वरून टाकत नाहीत. सुटे पैसे ओट्यावर ठेवत नाहीत, हातात देतात. माझ्या आज्यानं हे बघितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. हा विजय आहे. तो कुणाच्या मोठ्या मनातून आलेला नाही. मार खाऊन, मोर्चे काढून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आलाय.

पण ह्या विजयाचे ढेकर आपण किती वर्षं देत बसणार? गल्ल्याच्या अलीकडं उभं राहायची लढाई आपण जिंकली. पलीकडं कोण बसलाय, ते बघायला आपली मान वर झालीच नाही. आपण गिऱ्हाईक झालो. निव्वळ गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक झाला म्हणजे माणूस मोकळा झाला, अशी आपली समजूत करून दिली गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या बाजारात आपण फक्त विकत घेतो, आणि आपल्या हातचं कुणी विकत घेत नाही, त्या बाजारात अस्पृश्यता मेलेली नाही. तिनं नुसती जागा बदललीय. ती गल्ल्याच्या अलीकडून पलीकडं गेलीय.

खोटं वाटतं? चला माझ्याबरोबर.

स्टेशनातून बाहेर पडा. चहाची टपरी, वडापाव, लॉज, मेडिकल. पुढं किराणा, भुसार, कापड, भांडी, सोनार, खत-बियाणं, हार्डवेअर, डेअरी, मिठाई. पाट्या वाचत चला. वर देवाचं नाव, खाली प्रोप्रायटरचं आडनाव. आडनावं वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ह्या देशात ती बाराखडीच्या आधी येतात. आता आपली दुकानं मोजा. सापडतात. चपलांचं सापडतं, भंगाराचं सापडतं, बँडवाल्याचं सापडतं, केरसुण्या-टोपल्यांचं सापडतं. नव्या पोरांनी मोबाईल दुरुस्ती काढलीय, झेरॉक्स काढलंय, फ्लेक्सची छपाई काढलीय, तीही सापडतात.

आता दुसऱ्यांदा मोजा. ह्यातलं पोटात जाणारं किती जण विकतात? दूध किती जण? पीठ किती जण? गूळ, तेल, मिठाई, ताटातलं जेवण?

मोजताना हाताची बोटं उरतात. थांबा तिथंच. जात तिथं बसलीय.

*

कुर्डुवाडी हे रुळांनी मोठं केलेलं गाव. 1860 च्या आसपास जीआयपीची मोठी लाईन इथं आली, तेव्हा ह्या स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड. 1897 साली इथून बार्शीला अडीच फुटी रुळावरची छोटी गाडी सुरू झाली. बार्शी लाईट. ती 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज अशी लांबत गेली. लातूरकडचा व्यापारी, पंढरीचा वारकरी, सगळे इथं गाडी बदलायचे. गाडी बदलणारा माणूस थांबतो. थांबला की त्याला भूक लागते. कुर्डुवाडीच्या बाजाराला ह्या भुकेनं बरकत आणली. आता रुळांचं रुंदीकरण होऊन छोटी गाडी गेली, पण बाजार राहिला.

आणि रुळाखाली खडी कुणी टाकली? कोळसा कुणी उपसला? स्टेशनाचे संडास कुणी धुतले? ते बाजाराच्या कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. भोवतालच्या गावांतनं येसकरपाळी सोडून, मेलेली ढोरं ओढायचं सोडून, शिळ्या तुकड्यांवर थुंकून आपली माणसं रेल्वेच्या कामावर आली. माझा आजा गँगमध्ये होता. पगाराच्या दिवशी त्याच्या हातात पाटलाच्या ओसरीवरनं टाकलेला तुकडा नसायचा, सरकारी नाणं असायचं. नाण्याला विटाळ होत नाही, हे शास्त्र दुकानदाराला सगळ्यांच्या आधी उमगलं. माणसाला शिवायचं नाही, नाण्याला शिवायचं. आज्याच्या घामाचं नाणं दुकानात गेलं, आजा दुकानाच्या बाहेर उभा राहिला.

तरी कुणी म्हणेल, रेल्वेनं तुम्हाला माणूस केलं. त्याला 1938 चं मनमाड सांगा. 12 आणि 13 फेब्रुवारीला तिथं जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. त्यांनी दाखवून दिलं, की अस्पृश्य माणूस रेल्वेत जन्मभर गँगमन राहतो. त्याला पोर्टर करत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही सांगायची असतात, आणि आपला माणूस मास्तरच्या घरात चालत नाही.

नीट बघा हे. रुळावर घाम चालतो. घरात हात चालत नाही. भांड्याला लागणारा, पिठाला लागणारा, पाण्याला लागणारा हात चालत नाही. आज बाजारात जो अडतोय, तो हाच हात आहे. आपला पैसा चालतो. आपला हात चालत नाही.

आजूबाजूच्या खेड्यांतल्या हॉटेलात आपल्या माणसाची कपबशी वळचणीला खोचलेली असायची. चहा प्यायचा, आपणच विसळायची, परत खोचून ठेवायची. त्या कपबश्या गेल्या. काही पोरांनी फोडल्या, काही कायद्याच्या धाकानं गेल्या, उरल्यासुरल्या कागदी कपानं घालवल्या. कागदी कप सगळ्यांना सारखा. प्यायचा आणि फेकायचा. ह्याला आपण समता म्हणालो. मी म्हणतो, हॉटेलवाल्याचं जात विसळायचं काम वाचलं. कारण त्याच हॉटेलात कढईपुढं, कणकेच्या परातीपुढं आपला पोरगा कुणी ठेवतो का, ते बघा. टेबल पुसायला ठेवतो. परातीत हात घालायला ठेवत नाही.

*

कायदे आपल्याकडं कमी नाहीत. संविधानाचं पंधरावं कलम काढा. जिथं कुणाला मज्जाव करता येणार नाही, अशा जागांची यादी त्याच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. त्या यादीत सगळ्यात पहिलं काय आहे? दुकानं. विहिरी, तलाव, घाट, रस्ते मागनं येतात. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला चवदार तळं माहीत होतं, तसं महाडचं दुकानही माहीत होतं.

1927 च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. 25 तारखेला मनुस्मृती जाळली, हे आपण दरवर्षी स्टेजवरनं सांगतो. पण त्या परिषदेला मंडपापुरती जागा सवर्णांनी दिली नाही, फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं दिली, हे कमी सांगतो. महाडच्या व्यापाऱ्यांनी परिषदेला माल विकायचा नाही असं ठरवलं, आणि हजारो माणसांच्या जेवणाचं सामान बाहेरनं आणावं लागलं, हे तर सांगतच नाही. तळ्यावर जो आडवा उभा होता, तोच दुकानातही आडवा उभा होता. आपण तळं लक्षात ठेवलं, दुकान विसरलो.

बाबासाहेब विसरले नाहीत. 1928 ला मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली, तिचे ते सभासद होते. 1930 च्या अहवालात त्या समितीनं लिहिलंय, की अस्पृश्यांनी हक्काचं नाव काढलं की गावातला जमीनवाला त्यांना कामावरनं काढतो आणि वाण्याला सांगितलं जातं, ह्यांना रोजच्या गरजेचा माल विकू नको. ह्या हत्यारापुढं उघड मारहाण फिकी पडते, असा त्या समितीचा निष्कर्ष. गोलमेज परिषदेपुढं आपल्या मागण्या ठेवताना बाबासाहेबांनी हाच दाखला पुढं केला.

ह्या हत्याराची धार पुढं त्यांच्याच लोकांवर चालली. रायगडच्या किनाऱ्याकडची गावं बघा. पुढं समुद्र, मागं डोंगर, मध्ये आळीत दोन-चार दुकानं आणि एक पिठाची गिरणी. गावकीचं ऐकलं नाही की कुटुंब वाळीत. दुकानात मीठ नाही, गिरणीत दळण नाही, मयताला खांदा नाही. माणूस जाणार कुठं? आणि ही काही सगळी आपली माणसं नव्हती. गावकीतलीच होती, त्यांच्याच रक्ताची. तेव्हा कुठं सरकारला जाग आली आणि 2016 साली महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला, 2017 पासून लागू झाला. 1930 चा अहवाल, 2016 चा कायदा. मधली 86 वर्षं कुणाच्या खात्यावर लिहायची?

तुम्ही म्हणाल, कुर्डुवाडीत असं नाही. इथं एक दुकानदार नाही म्हणाला तर दुसरा देतो. बरोबर. जंक्शनचं गाव आहे, दुकानं रग्गड आहेत. इथं माल अडवत नाहीत. इथं उधारी देतात.

उधारी हे बहिष्काराचं सुधारलेलं रूप आहे. बहिष्कारात माल देत नाहीत आणि माणूस वाकवतात. उधारीत माल देतात आणि माणूस वाकवतात. वस्तीतला पैसा कसा फिरतो, बघा. शनिवारी मजुरी येते. रविवारी संध्याकाळपर्यंत ती किराण्यात, दुधात, दवाखान्यात, दारूत गेलेली असते. वस्तीतल्या एका हातातनं वस्तीतल्याच दुसऱ्या हातात ती एकदाही जात नाही. कारण वस्तीत विकणारा कुणी नाही. सोमवारपासनं वही सुरू.

माढा तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, त्या बाईला तिथंच राहायचंय. आपल्या समाजातली बाई. पाणंदीच्या वाटेवरनं भांडण झालं, तिला जातीवरनं शिव्या दिल्या, मारलं. आम्ही चार पोरं घेऊन गेलो. फिर्याद द्यायची ठरली, ती वाघिणीगत तयार झाली. रात्री तिचा नवरा आला.

“दादा, फिर्याद न्हाई करायची.”

“का रं? धमकी दिली व्हय कुणी?”

“न्हाई ओ. धमकी कशाला देत्यात? दुकानदारानं वही दावली निस्ती. पोरीच्या लग्नाचा समदा किराणा त्याच्याकडनंच आणलाय. उद्या सकाळी समदे पैसे दे म्हणाला.”

दुकानदार मारणाऱ्याचा चुलता होता. त्यानं हात उगारला नाही. शिवी दिली नाही. वही उघडली आणि मिटली. ॲट्रॉसिटीचा कायदा 1989 चा, त्याची दुरुस्ती 2015 ची. सगळी कलमं त्या वहीच्या दोन पुठ्ठ्यांत दाबून मेली. आपल्या केसेस कोर्टात हरतात असं आपण म्हणतो. त्यातल्या कितीतरी कोर्टापर्यंत येतच नाहीत. त्या किराणा दुकानातच मिटतात.

*

आता गल्ल्याच्या पलीकडं जायचा प्रयत्न केलेल्याची गोष्ट.

आमच्या वस्तीतला एक पोरगा. आयटीआय झालेला, नोकरी नाही. त्यानं वडापावची गाडी टाकली. पोराच्या हाताला चव होती. पहिल्या पंधरवड्यात गाडीवर गर्दी. मग चौदा एप्रिल आला. त्यानं गाडीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, हार घातला. कुणी काही बोललं नाही. दगड आला नाही, गाडी फोडली नाही. माणसं नुसती पलीकडच्या गाडीकडं वळली. तेल तेच, बेसन तेच, चटणी तीच. संध्याकाळी निम्मा माल उरायला लागला.

चार महिने त्यानं दम काढला. मग गाडी रंगवून घेतली. वर कटीवर हात ठेवलेला विठ्ठल आणि वारकरी थाटाचं नाव. धंदा सावरला. पंढरीच्या वाटेवरचं गाव, विठ्ठल चालतो.

पुढं फोनवरनं पैसे द्यायची रीत आली. त्यानं स्कॅनर लावला. आता फोन धरला की पडद्यावर मालकाचं पूर्ण नाव येतं, आडनावासकट. गायकवाड, जाधव, शिंदे असता तर समोरचा घोटाळला असता, खपून गेलं असतं. ह्याचं आडनाव तसं खपणारं नाही. एकानं पडद्याकडं बघितलं, ह्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, “आरं, तू त्यांच्यातला व्हय? वाटत न्हाईस.”

वाटत न्हाईस! आणि हे त्यानं कौतुकानं म्हटलं.

आज गाडीवरचा स्कॅनर एका मराठा दोस्ताच्या नावावर आहे. दोस्त सरळ माणूस. रात्री हिशेब करतो, रोख आणून देतो, दमडी ठेवत नाही. मला त्या दोस्ताबद्दल काहीच म्हणायचं नाही. मला ह्या मांडणीबद्दल म्हणायचंय. पाटीवर विठ्ठल, पडद्यावर दोस्त, कढईपुढं घामाघूम आपला पोरगा, आणि बाबासाहेब घरी, दाराआड. म्हणजे आपल्या माणसाला धंदा करायचा तर आधी स्वतःला पुसून टाकावं लागतं. पुसलेला माणूस विकू शकतो. उभा माणूस विकू शकत नाही.

ह्यात कुठलं कलम लावाल? पाच जणांनी जमून ठराव केला, ह्याच्याकडनं घ्यायचं नाही, तर 2015 च्या दुरुस्तीत आर्थिक बहिष्कार हा गुन्हा आहे. लावा कलम. पण ठराव झालाच नाही. प्रत्येकानं आपापले पाय गपचिप वळवले. कायदा आपल्याला दुकानात घालू शकतो. आपल्या दुकानात गिऱ्हाईक घालू शकत नाही. हे कायद्याच्या हातातलं नाही. हे चळवळीच्या हातातलं आहे. आणि चळवळ ते करत नाही.

*

केलेलं आहे एकानं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना बाकीच्या नोकरांनी झोडपलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या पाठबळावर गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव ‘सत्यसुधारक’. महार माणसाच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडीनं दारात आले, चहा मागवला, प्यायले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. छत्रपतीनं घेतलेला चहा बाकीच्यांनी कुठल्या तोंडानं नाकारायचा?

महाराजांना माहीत होतं, हुकूम काढून चहा पाजता येत नाही. तिथं स्वतःचे पाय घेऊन जावं लागतं.

आज छत्रपती नाहीत, पुढारी आहेत. जयंतीला येतात. फुले-शाहू-आंबेडकर हे तीन शब्द एका दमात म्हणतात, सीलबंद बाटलीतलं पाणी पितात आणि जातात. पुढच्या वेळी त्यांना स्टेजवर नेण्याआधी वस्तीतल्या टपरीवर न्या. चहा पाजा. सगळ्यांच्या देखत. शाहूंचं नाव घेणाऱ्याला एवढी परीक्षा जड जाऊ नये. जड गेली तर माईक देऊ नका.

पण पुढाऱ्याचं सोडा. आपलं काय?

आपल्या जयंतीचा हिशेब मांडा. डीजे कुणाचा? मांडव कुणाचा? जिलबी कुणाच्या कढईतली? निळ्या कापडाचं ठाण कुणाच्या दुकानातलं? गाडीचं डिझेल कुणाच्या पंपावरचं? वस्ती वर्षभर पोट मारून वर्गणी काढते आणि एका रात्रीत ती सगळी पेठेत नेऊन ओतते. वर पोरं पावतीपुस्तक घेऊन दुकानं फिरतात. व्यापारी हसत हसत पाचशे-हजाराची पावती फाडतो. का नाही फाडणार? तेवढ्यात त्याला वस्तीचं वर्षाचं गिऱ्हाईक मिळतं आणि वस्तीचं तोंडही मिळतं. ज्याची पावती फाडली, त्याच्या दारात वहीचा जाब विचारायला कोण जाणार?

आणि आपला एखादा टपरी टाकतो, तेव्हा आपण काय करतो? “जयभीम, चार कटिंग पाठव, लिहून ठेव.” आपला म्हणून फुकट. आपला म्हणून उधार. परक्याच्या हॉटेलात रोख मोजतो आणि आपल्या माणसाला भावबंदकी दाखवतो. सवर्ण गिऱ्हाईक जातीमुळं येत नाही, आणि कार्यकर्ता जातीमुळंच पैसे देत नाही. दोघांनी मिळून गाडी बुडवायची. मग संध्याकाळच्या बैठकीत विषय कुठला? आर्थिक मुक्ती!

*

काही विद्वान मित्र म्हणतात, हा आपल्याला दुकानदारी शिकवतोय. बाबासाहेबांनी तर मनमाडला ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटलं होतं. म्हटलं होतं. पण भांडवलशहा आणि केटलीवाला ह्यांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं आधी एक दिवस केटली घेऊन फलाटावर उभं राहावं. मी कुणाला शेठ व्हायला सांगत नाही. शेठ आपल्यातलाही नको. वस्तीत दहा टक्के महिन्यानं पैसे लावणारा आपलाच एखादा असतो; गळ्यात निळा गमजा असला म्हणून त्याची वही पवित्र होत नाही. तीही फाडायची. प्रश्न शेठ होण्याचा नाही. आपल्या हातानं केलेली वस्तू आपल्या नावानं, तोंड वर करून विकता यावी, हा माणूसपणाचा प्रश्न आहे.

दुसरे मित्र सुटाबुटातले. ते म्हणतात, नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा. 2005 साली पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर निघाली, चांगलं झालं. 2016 साली स्टँडअप इंडिया आली. तिच्यातलं कर्ज सुरूच होतं दहा लाखांपासनं. आमच्या गाडीवाल्याला कढई, शेगडी आणि गाळ्याची अनामत पाहिजे. दहा लाखांची शिडी त्याच्या दारातनं सुरू होत नाही, पहिल्या मजल्यावरनं सुरू होते. महात्मा फुले महामंडळ 1978 चं, अण्णाभाऊ साठे महामंडळ 1985 चं. नावं केवढी थोर! अण्णाभाऊंच्या नावाच्या महामंडळातल्या कोट्यवधींच्या गैरव्यवहाराच्या आरोपाखाली त्याच्याच माजी अध्यक्षांना 2015 साली अटक झाली. तेव्हा ते आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळचे आमदार होते. इकडं पोरगा कर्ज मागायला जातो, तर म्हणतात गाळ्याचा करार आण. गाळ्यावाला म्हणतो, आधी अनामत आण. गाळ्याशिवाय कर्ज नाही, कर्जाशिवाय गाळा नाही. ह्या फेऱ्यात पोराचं वय निघून जातं.

मग करायचं काय? भाषण नको असेल तर ऐका.

आपल्या माणसाच्या टपरीवर जा. रोख द्या. सूट मागू नका. एकटे जाऊ नका. कामावरचा, वर्गातला, खेळातला सवर्ण दोस्त बरोबर न्या. तो आला नाही तर दोस्ती किती पाण्यात आहे ते कळेल, तेही कळायला पाहिजे.

ज्या दिवशी आपला गाडीवाला फोटो परत वर लावील, त्या दिवसापासनं रोज संध्याकाळी दहा जण तिथं उभे राहा. घोषणा नको, झेंडा नको. वडापाव खा आणि पैसे द्या. महिनाभर. मोर्च्याला एक दिवस लागतो, ह्याला तीस लागतील. म्हणून हे मोर्च्यापेक्षा अवघड आहे.

वस्तीतल्या वीस घरांनी पगाराच्या दिवशी एकत्र पोती उचलावीत. ज्वारी, तेल, साखर, डाळ. बायकांचे बचतगट आहेतच. कर्जाचे हप्ते फेडण्यापलीकडं त्यांना हे काम द्या. वहीतलं एक घर मोकळं झालं की एक साक्षीदार मोकळा झाला, हे ध्यानात ठेवा.

नगरपरिषदेच्या गाळ्यांचा लिलाव कधी झाला, कुणाला गेले, अनामत किती होती, माहितीच्या अधिकारात विचारा. कायदा 2005 चा आहे, अर्ज कोऱ्या कागदावर होतो.

ठरवून बहिष्कार टाकला असेल तर तारीख, वेळ, नाव लिहून ठेवा आणि दोन्ही कायद्यांखाली तक्रार द्या. आणि जयंतीची जिलबी आपल्या माणसाच्या कढईतली घ्या. वाकडी झाली तरी चालेल. जिलबी वाकडीच असते.

आणखी एक. मी बाजारावर बहिष्कार टाका म्हणत नाही. मीठ अडवणं हे त्यांचं हत्यार आहे, ते आपल्या हाताला लागू नये. आपल्याला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही. आपलं उघडायचंय, आणि आपल्याच नावानं उघडं ठेवायचंय.

तोवर कुणी छाती काढून म्हणाला, “आता कुठं राहिलीय जात? बाजारात बघा, सगळे एकत्र फिरतात,” तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला एवढंच विचारा: बाबा, तुझ्या घरी आज सकाळी दूध आलं, ते कुणाच्या हातचं?

जय भीम.